सूर, सूत आणि पोटपाणी

गाणारे, वाजवणारे, शिवणारे आणि रंगवणारे हात महाराष्ट्रात एका छपराखाली आणले ते संगीत नाटक मंडळ्यांनी. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि त्यानंतरची कित्येक वर्षे या मंडळ्या गावोगाव मुक्काम करत फिरल्या. मंडळीच्या बिऱ्हाडात नटांबरोबर पदांना चाली देणारे, साथीदार, पडदे रंगवणारे, रंगपटात चेहरे घडवणारे आणि कपडेपट सांभाळणारेही असत. शिवाय या सगळ्यांना दोन वेळ जेवू घालणारे आचारी. जाहिरातीत ठळक नावे मात्र दोन-चारच छापली जात.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १९१३ मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांची गायकी आणि त्यांचा स्त्रीवेष या दोन गोष्टी प्रेक्षक एकाच तिकिटात घेऊन जात. त्यांनी रंगमंचावर साडी कशी नेसली, केस कसे बांधले, कोणता दागिना घातला, याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करत. आज ज्याला फॅशन म्हटले जाते त्याचा मराठी मध्यमवर्गातला उगम शोधायचा तर तो एका गाणाऱ्या पुरुषाच्या पदरापाशी सापडतो, ही गोष्ट अजूनही गमतीची वाटते. पण त्या पदरामागे बरेच काही होते. ‘स्वयंवर’ या १९१६ च्या नाटकातल्या पदांच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या होत्या, मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवांसारखा वादक होता, आणि भरजरी वस्त्रे निवडणारी, जपणारी, प्रयोगाआधी तयार ठेवणारी माणसे होती. या थाटाचा खर्च मंडळीला शेवटपर्यंत झेपला नाही. कर्ज वाढत गेले, पुढे बोलपट आले आणि १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर दिसले.

त्यांच्या आयुष्यावरचा ‘बालगंधर्व’ हा चित्रपट २०११ मध्ये आला. सुबोध भावे यांची भूमिका सगळ्यांच्या लक्षात राहिली. राष्ट्रीय पुरस्कार मात्र मिळाले ते गायनासाठी आनंद भाटे यांना, वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना आणि रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना. एक बालगंधर्व पुन्हा उभे करायला इतके वेगवेगळे हात लागले. संगीत आणि फॅशन या क्षेत्रांकडे वळू पाहणाऱ्या तरुणांच्या डोळ्यांसमोर बहुधा प्रकाशझोतातली एकच जागा असते, आणि ती आपल्याला मिळणार नाही या धास्तीने बरेच जण आधीच माघार घेतात. त्या जागेच्या मागे आणि आजूबाजूला असलेल्या कामांत चरितार्थ चालतो, कौशल्य वाढते, नावही होते. या विषयाची ओळख तिथूनच करून घ्यावी लागते.

या कामांकडे जाणारी वाट सरळ असतेच असे नाही. भानू अथैया यांचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. त्यांचा जन्म १९२९ चा, कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध होता. भानू मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, सुवर्णपदक मिळवले आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. चित्रांवर घर चालणे अवघड होते म्हणून ‘इव्ह्ज वीकली’सारख्या नियतकालिकांत त्या फॅशनची रेखाचित्रे काढत. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटिक सुरू केले तेव्हा कपडे करून पाहण्याची संधी त्यांना मिळाली. तिथे कपडे करून घेणाऱ्यांतून चित्रपटाची कामे आली आणि गुरुदत्त यांच्या संस्थेच्या ‘सी. आय. डी.’पासून (१९५६) पुढे शंभराहून अधिक चित्रपटांच्या वेशभूषेवर त्यांचे नाव लागले. ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्याबरोबर १९८३ मध्ये मिळालेले ऑस्कर हे कोणाही भारतीयाला मिळालेले पहिले ऑस्कर. ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले.

या कारकिर्दीतले पुरस्कार बाजूला ठेवून तिच्यातले काम पाहिले तर अधिक शिकता येते. ‘गांधी’ची कथा १८९३ ते १९४८ एवढ्या काळात फिरते. सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर, काठेवाडी पोशाख, मग पंचा, हा एका माणसाचा प्रवास. त्याच्याभोवती काँग्रेसचे पुढारी, गिरणी कामगार, शेतकरी, पोलीस, साहेब, मडमा असा हजारोंचा जमाव, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या अंगावरचे कापड त्या त्या दशकाचे आणि प्रांताचे दिसायला हवे. वेशभूषाकाराच्या कामातला मोठा भाग अशा वेळी जुनी छायाचित्रे पाहण्यात, कापड शोधण्यात आणि नवे कापड जुने करण्यात जातो. कोरे धोतर कॅमेऱ्यात लगेच ओळखू येते. ते धुवावे लागते, घासावे लागते, कधी चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट करावे लागते. हे काम करणाऱ्या सहायकांच्या पदाला फार वलय नसते, पण वेशभूषा शिकण्याची याहून चांगली शाळा नाही.

गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) तर खानपान व्यवस्थेच्या नोकरीतून या क्षेत्रात आले. मस्कतमध्ये नोकरी करून साठवलेल्या पैशांतून ते फॅशनचे शिक्षण घ्यायला परदेशी गेले. परत आल्यावर कोलवाळ या आपल्या गावी राहून त्यांनी काम केले. गोव्यातल्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची सुती साडी हातमागावर पुन्हा विणून घेण्याचा ध्यास घेतला आणि गोव्याच्या पोशाखाचा इतिहास ‘मोडा गोवा’ या पुस्तकात मांडला. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फॅशनसाठी महानगरातच राहावे लागते या समजुतीला त्यांनी दिलेले उत्तर हे असे, कामातून दिलेले आहे.

संगीतातला समांतर धडाही गोव्याकडूनच मिळतो. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे कागदावरची नोटेशन पाहून पहिल्याच वाचनात वाजवू शकणाऱ्या वादकांची एक पिढीच्या पिढी तयार झाली. हे वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि तिथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले. संगीतकार चाल बांधे. तिचे सुरुवातीचे संगीत, कडव्यांमधल्या जागा, व्हायोलिनांचे ताफे आणि ट्रंपेटची उत्तरे बहुधा अरेंजर लिहून काढी. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा यांनी हे काम केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) नायकाच्या गाण्यात आपल्या गुरूचे नाव घालून त्यांनी ते ऋण फेडले. देशभर ते नाव लोक गुणगुणले, पण ज्याचे ते नाव त्याची ओळख फार थोड्यांना होती. अरेंजरचे नाव पडद्यावर सहायक म्हणून येई, किंवा येतच नसे.

१९९० च्या दशकात सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण सर्रास झाले आणि मोठ्या वाद्यवृंदाची रोजची गरज संपली. पाळीच्या हिशेबाने काम करणारे अनेक वादक घरी बसले. तंत्र बदलले की कौशल्याची किंमत बदलते, आणि संगीताच्या व्यवसायात हे प्रत्येक पिढीत एकदा तरी घडते. त्याच वेळी प्रोग्रामिंग, मिक्सिंग, पार्श्वसंगीत, जाहिरातींच्या जिंगल, डबिंग अशी नवी कामेही उभी राहिली. मोठा वाद्यवृंद कायमचा गेला असेही झाले नाही. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (२०१६) लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. त्यासाठी कुणाला तरी प्रत्येक वाद्याची ओळ कागदावर लिहावी लागली. स्वरलेखन येणारा माणूस अजूनही दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ आहे म्हणून त्याला मागणी आहे.

शिक्षणाच्या बाबतीत दोन्ही क्षेत्रांत जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालते. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरूच्या घरी राहून शिकले. पण १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनीच वर्गात, ठरलेल्या अभ्यासक्रमाने संगीत शिकवायला सुरुवात केली. पुढे मुंबईतली त्यांच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. संस्थेची परंपरा मात्र टिकली. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद आणि अलंकारपर्यंतच्या परीक्षा आज तालुक्याच्या गावीही होतात. या परीक्षा शिस्त लावतात, शिक्षकाची नोकरी मिळवायला उपयोगी पडतात आणि घरच्यांना धीर देतात. मैफलीचा गवई मात्र त्यांतून तयार होत नाही. त्यासाठी गुरूसमोर बसून ऐकणे, तंबोऱ्यावर मागे बसून साथ करणे आणि वर्षानुवर्षांचा रियाज यांना पर्याय सापडलेला नाही.

फॅशनमध्ये हीच विभागणी संस्था आणि शिलाईचे दुकान अशी दिसते. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, फॅशन तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था निफ्ट १९८६ ची. प्रवेशपरीक्षा कठीण आणि शुल्क मध्यमवर्गाला जड. तिथे कापडाचे शास्त्र, आरेखन, इतिहास, बाजारपेठ यांचे पद्धतशीर ज्ञान मिळते, आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडणारे सहाध्यायी मिळतात. पण कापड अंगावर कसे पडते, आडवे कापले तर कुठे ताणते, चोळीच्या बाहीची खोली किती ठेवायची, हे कटिंग मास्टरच्या टेबलाशी उभे राहूनच कळते. पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी पहिल्याच नोकरीत पन्नाशीच्या मास्टरसमोर उभा राहतो आणि त्याची परीक्षा नव्याने सुरू होते. जो मास्टरला मान देतो आणि प्रश्न विचारतो तो पुढे जातो. उलट, गावात ब्लाउज शिवून हात बसलेल्या मुलीने पॅटर्न कागदावर काढायला आणि खर्चाचा हिशेब मांडायला शिकून घेतले तर ती पदवीधरापेक्षा फार मागे राहत नाही. शिवलेल्या नऊवारीचेच पाहावे. मंगळागौरीच्या खेळांचे गट, लावणीचे कार्यक्रम, लग्नातली नवरी आणि तिच्या करवल्या यांच्यामुळे या एका प्रकाराच्या शिलाईवर आज अनेक छोटी घरगुती दुकाने चालतात. कोणत्याही फॅशन सप्ताहात त्यांची दखल घेतली जात नाही, आणि त्यांचे त्यावाचून अडतही नाही.

दोन्ही क्षेत्रांच्या पायाशी कारागिरांची गावे आहेत. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवायला घेतली आणि सतारमेकर हे आडनावच होऊन बसले. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते त्या जागी कानस फिरवून जवारी काढणे, हे काम मोजमापाने होत नाही, कानाने होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येवल्यात पैठणीचा पदर हातमागावर रंगाच्या वेगवेगळ्या कांड्या एकमेकींत गुंतवत विणला जातो. नक्षी दाट असेल तर एका साडीला महिनेच्या महिने लागतात. खणाचे कापड कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे, पण ते चोळीतून बाहेर पडून साड्या, जॅकेट, पर्स यांत दिसू लागले ते महाराष्ट्रातल्या नव्या डिझायनरांमुळे. नव्या माणसाला इथे दोन प्रकारे जागा आहे. एक, कारागीर म्हणून. ही जागा ओस पडत चालली आहे, कारण कारागिरांची मुले दुसरीकडे वळतात. दुसरी, कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभे राहून नवा उपयोग शोधणारा म्हणून. या दुसऱ्या जागेत पैसा अधिक आहे, आणि म्हणूनच विणकराला रास्त मजुरी देण्याची जबाबदारीही तिथेच येते.

आता मिळकतीचा मुद्दा, जो अशा विषयांच्या पुस्तकांतून संकोचाने टाळला जातो. या व्यवसायांत पगाराची तारीख नसते, हंगाम असतो. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि चातुर्मासापर्यंत चालते. या काळात शिंपी, मेकअपवाले, बँड, संगीत समारंभाचे गायक यांना श्वास घ्यायला सवड नसते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. आषाढात शांतता. मग गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट. कोविडच्या काळात हे सारे चक्र एकदम थांबले आणि कित्येक कलावंतांकडे दोन महिन्यांची शिल्लकही नव्हती हे उघड झाले. म्हणून टिकून राहिलेले बहुतेक कलावंत दोन-तीन कामे एकत्र चालवतात. गायिका शिकवण्या घेते, तबलजी ध्वनिमुद्रणाला जातो, डिझायनर गणवेशाची मागणी पुरी करतो. अमेरिकेतल्या आणि आखातातल्या मराठी घरांमधून मुलांसाठी ऑनलाइन गाण्याच्या शिकवणीला मागणी आहे, आणि तिचे शुल्क इथल्या शुल्कापेक्षा बरे मिळते. शिकवणी म्हणजे कलेतली हार, हा समज सोडून द्यायला हवा. पलुस्करांनी आयुष्यभर दुसरे काय केले?

हक्कांची माहिती याच टप्प्यावर करून घ्यावी, कारण पहिला करार बहुधा घाईत होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांच्या बाजूने एक मोठा बदल झाला. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो वापर होतो, त्यातल्या रॉयल्टीचा त्यांचा समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. गायक-वादकांना कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. अरेंजरचा मात्र या तरतुदीत वेगळा उल्लेख नाही. त्याने मोबदला आणि श्रेयनामावलीतले स्थान आधीच लिहून घेतलेले बरे.

पोशाखाच्या बाबतीत कायदा अधिक निसरडा आहे. नोंदणी करता येईल असे डिझाइन नोंदवलेच नाही आणि त्यावरून औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी केली तर डिझाइन कायद्याखाली दहा आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते, पण ती नोंदणी डिझाइन लोकांसमोर येण्यापूर्वी करावी लागते. आधी समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकून मग नोंदणीला गेलेल्याची अडचण होते. भौगोलिक मानांकनाचीही मर्यादा आहे. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी मिळाले. तरीही जून २०२५ मध्ये मिलानच्या प्राडाच्या प्रदर्शनात तशाच चपला मूळ गावाचा उल्लेख न करता दिसल्या, आणि टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. मानांकन प्रामुख्याने नावाला संरक्षण देते. घाटाची नक्कल तेवढ्याने थांबत नाही.

सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर बहुतेक शहरांत आणि अनेक गावांत हाताशी असते. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाबरोबर नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही स्वतंत्र पारितोषिके दिली जातात. पुण्यात १९६३ पासून चालत आलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा आणि अनेक कला एकाच सादरीकरणात गुंफायला लावणारा फिरोदिया करंडक यांतून पुढे व्यावसायिक रंगभूमीवर आणि पडद्यामागे गेलेल्यांची संख्या मोठी आहे. तिथे खर्चाला पैसे नसतात, त्यामुळे आईच्या जुन्या साडीचा अंगरखा होतो आणि पार्श्वसंगीत वसतिगृहाच्या खोलीत तयार होते. अशा कामांची छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, कापडाचे तुकडे आणि झालेल्या खर्चाचा कागद तारीखवार जपून ठेवला की पहिले काम मागायला जाताना दाखवण्यासारखे काहीतरी हातात असते. वेशभूषाकार किंवा संगीत संयोजक सहायक निवडतो तेव्हा तो प्रमाणपत्राआधी हीच फाइल उघडतो, आणि शेवटच्या पानावरचा खर्चाचा कागद पाहून पुष्कळदा तिथेच निर्णय घेतो.